भित्र्यांचे मत

कोणत्याही खेळाच्या शौकिनांमध्ये काही मते अशी असतात, की ती उघडपणे बोलून दाखविणाऱ्या माणसाकडे शेजारी बसलेले लोक वळून पाहू लागतात. मोटार-शर्यतींचा शौकीन तर या बाबतीत फारच हळवा असतो. अमुक विजेता केवळ चांगल्या गाडीमुळे विजयी झाला, मोनाकोच्या अरुंद रस्त्यांवरील शर्यत कंटाळवाणी असते, इंजिनांचा आवाज कमी झाला म्हणून काही बिघडले नाही, यांपैकी कोणतेही विधान करून पाहावे. वाद संध्याकाळपर्यंत पुरतो. परंतु हे वाद निरुपद्रवी होत. गेल्या साठ वर्षांत या शौकिनांना सर्वांत अप्रिय वाटलेले मत निराळेच होते आणि त्याच्या खरेखोटेपणावर माणसांचे प्राण अवलंबून होते. शर्यतीत भाग घेणाऱ्याने शर्यतीत मरण्याची आवश्यकता नाही, असे ते मत होते.

आजच्या वाचकाला हे मत इतके स्वाभाविक वाटेल, की त्याला विरोध तरी कोणी व का करावा, असा प्रश्न त्याच्या मनात येईल. तो विरोध समजून घ्यावयाचा असेल, तर त्या काळच्या शर्यती कशा होत्या हे प्रथम पाहावे लागेल. ‘ग्रां प्री’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘मोठे पारितोषिक’ एवढाच आहे. युरोपात विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून या नावाने ज्या शर्यती होऊ लागल्या, त्यांपैकी पुष्कळशा नेहमीच्या वापरातील रस्त्यांवरच होत. एरवी ज्या रस्त्यावरून शेतकऱ्याची गाडी जावयाची, तोच रस्ता शर्यतीच्या दिवशी बंद करावयाचा, धोक्याच्या वळणांवर पेंढ्याच्या गासड्या रचावयाच्या आणि निशाण खाली करावयाचे, एवढीच तयारी. रस्त्याच्या कडेची झाडे, तारेचे खांब, घरांच्या भिंती आणि चर जागच्या जागी राहत.

अपघातांकडे कोणाचे लक्ष नव्हते, असे मात्र नाही. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत पिएर लव्हेग याची मर्सिडीज गाडी उसळून प्रेक्षकांत कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. या दुर्घटनेनंतर स्वित्झर्लंडने आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदी घातली. दोन वर्षांनी इटलीतील ‘मिल्ले मिलिया’ या हजार मैलांच्या शर्यतीत आल्फोन्सो द पोर्तागो याची गाडी ग्विदित्सोलो या गावाजवळ रस्ता सोडून गेली. तो, त्याचा साथीदार आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक मेले, त्या नवांत पाच मुले होती. ती शर्यत त्यानंतर बंदच झाली. परंतु या दोन्ही प्रसंगी जो क्षोभ उसळला, तो प्रेक्षकांच्या मृत्यूबद्दल होता, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रेक्षक करमणुकीसाठी आलेला असतो. त्याने मरणाशी करार केलेला नसतो. चालकाने तो केलेला असतो, असे सर्वांनी गृहीत धरले होते. खुद्द चालकांचाही त्यात समावेश होता. १९६० साली बेल्जियममधील स्पा येथे एकाच शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो व ॲलन स्टेसी हे दोन तरुण चालक मरण पावले. शर्यत मात्र शेवटपर्यंत चालू राहिली आणि तिचा निकालही रीतसर लागला.

याच स्पा येथे १२ जून १९६६ रोजी जे घडले, त्यातून आपल्या वादाला तोंड फुटले. स्पाचा मार्ग त्या वेळी चौदा किलोमीटरांहून अधिक लांब होता. आर्देनच्या डोंगराळ वनप्रदेशात त्याच्या एका टोकाला ऊन असावयाचे आणि दुसऱ्या टोकाला मुसळधार पाऊस, असा तेथील हवामानाचा लौकिक आहे. त्या दिवशी गाड्या कोरड्या रस्त्यावरून निघाल्या आणि पहिल्याच फेरीत पावसाच्या भिंतीवर जाऊन आदळल्या. कित्येक गाड्या घसरल्या. त्यांत जॅकी स्ट्युअर्ट या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या स्कॉटिश चालकाची बीआरएम गाडी होती. ताशी सुमारे २६५ किलोमीटर वेगाने ती रस्त्याबाहेर गेली आणि एका शेतघराच्या आवारात चेंगरून अडकून पडली. पेट्रोलच्या टाक्या फुटल्या. स्टिअरिंगच्या चाकाखाली त्याचे पाय दाबले गेले होते, ते चाक काढल्याशिवाय त्याला बाहेर काढणे शक्य नव्हते, आणि चाक काढण्यासाठी पाना हवा होता. जवळच घसरून थांबलेले ग्रॅहॅम हिल व बॉब बॉण्डुरंट हे दोघे चालक आपापल्या गाड्या सोडून धावले. एका प्रेक्षकाच्या मोटारीतून त्यांनी पाना मागून आणला. सुमारे पंचवीस मिनिटे स्ट्युअर्ट पेट्रोलमध्ये भिजत बसून होता. त्या अवधीत एखादी ठिणगी पडली असती, तर पुढील इतिहास घडलाच नसता. त्यानंतर त्याला प्रथमोपचाराच्या खोलीत नेण्यात आले. तेथे सिगारेटची थोटके पडलेल्या जमिनीवर त्याचे स्ट्रेचर ठेवण्यात आले. लिएजच्या रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका वाटेत रस्ता चुकली.

स्ट्युअर्टच्या जागी दुसरा एखादा चालक असता, तर त्याने बरे झाल्यावर ही हकीकत मित्रांना रंगवून सांगितली असती. स्ट्युअर्टने पहिली गोष्ट केली ती अशी, की पुढच्या शर्यतीपासून गाडीच्या स्टिअरिंगच्या दांड्याला एक पाना चिकटवून ठेवला. तो एका गॅरेजवाल्याचा मुलगा होता. शाळेत त्याची गणना मंद मुलांत झाली होती. अक्षरे वाचण्यात त्याला जन्मजात अडचण होती, हे त्याच्या वयाची चाळिशी उलटल्यावर निष्पन्न झाले. नेमबाजीत मात्र तो राष्ट्रीय दर्जाचा होता, आणि नेमबाजाची काटेकोर वृत्ती त्याने मोटारीतही आणली. आपण ज्या व्यवसायात आहोत, त्यात आग विझविणारा प्रशिक्षित माणूस नाही, डॉक्टर नाही आणि रुग्णालयाचा रस्ताही कोणाला माहीत नाही, हे त्याला अशास्त्रीय वाटले. क्रूर वाटले की नाही, हा प्रश्न त्याच्या लेखी दुय्यमच होता.

बीआरएमचे प्रमुख लुई स्टॅन्ली यांच्या साहाय्याने त्याने मागण्या मांडण्यास आरंभ केला. झाडे व खांब यांच्यापुढे पोलादी कठडे असावेत, वळणाबाहेर मोकळी जागा असावी, स्टिअरिंगचे चाक चटकन निघावे, वीजप्रवाह तोडणारे बटण बाहेरच्या माणसाच्याही हाताला लागावे, चालकाने पट्टा बांधावा, अशा त्या मागण्या होत्या. स्टॅन्ली यांनी शर्यतीच्या ठिकाणी जाणारे एक फिरते रुग्णालयही उभे केले.

यांपैकी पट्ट्याचा प्रश्न थोडा तपशिलाने पाहण्यासारखा आहे. कारण विरोधकांच्या बाजूनेही तर्क होता, हे त्यावरून दिसून येते. साठीच्या दशकातील गाडीत चालकाच्या दोन्ही बाजूंना पेट्रोल भरलेले असे. गाडी आदळली की आग लागणे हे जवळजवळ ठरलेलेच. अशा वेळी पट्ट्याने बांधलेला माणूस जळून मरेल आणि न बांधलेला माणूस बाहेर फेकला जाऊन कदाचित वाचेल, असा अनुभवी चालकांचा हिशोब होता. फेकला गेलेला माणूस कोठे जाऊन पडेल, हा त्या हिशोबातील कच्चा दुवा होता. पट्टा हे एकट्याने उपयोगी पडणारे साधन नाही. टाकी फुटू नये, आग लागल्यास ती विझविणारा माणूस काही सेकंदांत यावा आणि मग पट्टा असावा, असा त्याचा क्रम आहे. म्हणजेच एक सुधारणा मान्य केली, की तिच्यामागून दुसऱ्या चार मान्य कराव्या लागत. जुन्या मंडळींना हे बरोबर समजले होते आणि त्यांची खरी हरकत त्यालाच होती.

या विरोधकांचा सर्वांत समर्थ प्रवक्ता म्हणजे ‘मोटर स्पोर्ट’ या इंग्रजी मासिकाचा वार्ताहर डेनिस जेन्किन्सन. हा काही आरामखुर्चीत बसून दुसऱ्याला मरावयास सांगणारा माणूस नव्हता. १९५५ च्या मिल्ले मिलियात तो स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसला होता. सुमारे सोळाशे किलोमीटरांच्या रस्त्यातील प्रत्येक वळणाची नोंद त्याने एका लांब कागदी गुंडाळीवर केलेली होती. ती गुंडाळी उलगडीत, हाताच्या खुणांनी मॉसला वळणे सांगत त्याने ती शर्यत जिंकून दिली. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरांहून अधिक होता. अशा माणसाने जेव्हा स्ट्युअर्टच्या चळवळीवर लेखणी चालविली, तेव्हा वाचकांना ती आपलीच वाणी वाटली. जगज्जेता असूनही जो चांगल्या मार्गांवर धावावयास नकार देतो आणि उत्तम मार्ग बंद पाडण्यासाठी धडपडतो, त्याच्याबद्दल आदर कसा वाटावा, असा त्याच्या लिखाणाचा रोख होता. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी ‘मोटर स्पोर्ट’च्या पानांवर या दोघांमध्ये चांगलीच जुंपली. मॉसचे मतही जेन्किन्सनच्या मताहून फार निराळे नव्हते. विस्तीर्ण हिरवळीतून जाणारे वळण वेगाने घेणे अवघड असेलही. परंतु एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला दरी असताना तेच वळण तितक्याच वेगाने घेणे हा खरा पराक्रम, असे तो म्हणे.

सामान्य शौकिनाला हे पटत असे, आणि त्याला निर्दय ठरविण्याची घाई करू नये. वळणावर तासन्‌तास उभ्या राहिलेल्या माणसाला गाडी क्षणभरच दिसते. त्या क्षणात त्याला जे भारून टाकते, ते म्हणजे चालकाने जाणूनबुजून काहीतरी पणाला लावलेले आहे, ही जाणीव. पणाला लावलेली वस्तू काढून घेतली, तर उरेल ती केवळ वेगाची मोजणी, असे त्याला भय वाटे. शिवाय ज्यांना तो देव मानीत आला होता, त्यांपैकी कितीतरी मेलेले होते. मरणे आवश्यक नव्हते असे कबूल करणे म्हणजे ती मरणे व्यर्थ गेली असे कबूल करणे होय, आणि हे कोणत्याही भक्ताला जड जाते. म्हणून स्ट्युअर्टला भित्रा म्हणणे सोपे झाले. धमकीची पत्रेदेखील आली, असे त्याने पुढे सांगितले. लोकांना जे ऐकावयाचे होते ते आपण बोललो असतो, तर आपण अधिक लोकप्रिय जगज्जेते ठरलो असतो, कदाचित मेलोही असतो, पण लोकप्रिय नक्की राहिलो असतो, अशा अर्थाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

भित्रेपणाचा आरोप किती पोकळ होता, याचा पुरावा ४ ऑगस्ट १९६८ या दिवशी मिळाला. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग हा सुमारे तेवीस किलोमीटरांचा मार्ग आयफेलच्या डोंगरांतून जातो. त्या दिवशी पाऊस आणि धुके इतके होते, की पुढची गाडी दिसत नव्हती. मनगटाचे हाड दुखावलेल्या अवस्थेत स्ट्युअर्टने ती शर्यत चार मिनिटांहून अधिक अंतराने जिंकली. त्याच मार्गाविरुद्ध तो पुढे चळवळ करू लागला, तेव्हा तेथे धावण्याची त्याची कुवत नाही असे म्हणण्याची सोय कोणाला उरली नाही. तरीही टीका थांबली नाही.

१९६८ हे वर्ष इतर कारणांनीही विसरता येणार नाही. ७ एप्रिल रोजी हॉकेनहाइम येथे जिम क्लार्क मरण पावला. दोनदा जगज्जेता झालेला क्लार्क हा त्या पिढीतील सर्वांत कुशल आणि सर्वांत सफाईदार चालक मानला जाई. दुय्यम दर्जाच्या एका शर्यतीत त्याची गाडी ओल्या मार्गावरून घसरली आणि झाडांत घुसली; झाडांपुढे कठडा नव्हता. कुशल चालक मरत नाही, चुका करणारा मरतो, ही शौकिनांची मनोमन समजूत होती. क्लार्कबरोबर ती समजूतही गेली. ख्रिस अ‍ॅमन या त्याच्या सहकाऱ्याने विचारले, की त्याच्या बाबतीत हे घडू शकते, तर आम्हा इतरांचा काय पाड? मे महिन्यात माइक स्पेन्स, जूनमध्ये लुदोविको स्कार्फिओत्ती आणि जुलैमध्ये जो श्लेसेर. श्लेसेर ज्या होंडा गाडीत रूआं येथे जळून मेला, तिच्या बांधणीत मॅग्नेशियम होते. जॉन सर्टीझने ती गाडी धोकादायक म्हणून चालविण्यास आधीच नकार दिलेला होता.

रूआंची ती शर्यत जिंकणारा तेवीस वर्षांचा बेल्जियन तरुण म्हणजे जॅकी इक्स. चालकांच्या संघटनेपासून तो दूर राहिला. ज्याला मार्ग धोक्याचा वाटतो त्याने धावू नये, इतरांवर बंदी आणू नये, अशा प्रकारचे त्याचे मत होते. साहजिकच जुन्या वळणाच्या शौकिनांचा तो लाडका झाला. परंतु १९६९ च्या ल मां येथे याच इक्सने जे केले, ते पाहण्यासारखे आहे. तेथे शर्यतीचा प्रारंभ मोठ्या नाट्यमय रीतीने होत असे. गाड्या एका बाजूस ओळीने उभ्या, चालक समोरच्या बाजूस. निशाण पडताच चालकांनी रस्ता ओलांडून धावत जावयाचे, उडी मारून गाडीत बसावयाचे आणि सुटावयाचे. प्रेक्षकांना हा देखावा अतिशय प्रिय होता. या घाईत पट्टा बांधण्यास अर्थातच वेळ मिळत नसे. त्या दिवशी सर्व चालक धावत सुटले आणि इक्स मात्र बाजारात निघाल्यासारखा सावकाश चालत गेला. गाडीत बसून त्याने पट्टा नीट बांधला आणि सर्वांच्या शेवटी तो निघाला. त्याच फेरीत जॉन वुल्फ याची पोर्शे गाडी उलटली. पट्टा न बांधलेला वुल्फ बाहेर फेकला जाऊन मेला. चोवीस तासांनी इक्स आणि त्याचा साथीदार जॅकी ऑलिव्हर यांनी शंभर-सव्वाशे मीटरच्या अंतराने ती शर्यत जिंकली. पुढील वर्षापासून धावत जाऊन गाडीत बसण्याची पद्धत बंद झाली. एका बाबतीत परंपरेचा कैवारी असणारा माणूस दुसऱ्या बाबतीत तिला मूठमाती देतो, हा प्रकार या वादात पुढेही अनेकदा आढळतो.

इकडे चालकांच्या संघटनेने बहिष्काराचे शस्त्र उचलले होते. १९६९ साली स्पाची शर्यत होऊ शकली नाही. १९७० साली जर्मन शर्यत न्युर्बुर्गरिंगहून हॉकेनहाइमला हलवावी लागली, कारण क्लार्कच्या मृत्यूनंतर तेथे कठडे उभारण्यात आले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोंझा येथे योखेन रिंट मरण पावला. तो पट्टा बांधीत असे. परंतु आग लागल्यास चटकन बाहेर पडता यावे म्हणून मांड्यांमधून येणारा भाग जोडत नसे. गाडी आदळताच त्याचे शरीर खाली सरकले आणि पट्ट्यानेच गळ्याला प्राणघातक जखम झाली. अर्धवट स्वीकारलेली सुधारणा कशी घातक ठरते, त्याचे हे उदाहरण होय. मृत्यूनंतर जगज्जेता ठरलेला तो एकमेव चालक आहे.

२९ जुलै १९७३ रोजी हॉलंडमधील झान्डव्होर्ट येथे रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली या चालकाने स्वतःची गाडी थांबविली, धावत येऊन तो एकटा ती जळती गाडी सरळ करण्याचा प्रयत्न करू लागला, आग विझविण्याचे नळकांडे त्याने स्वतः चालविले. मार्शल जवळच होते. पण त्यांच्या अंगात अग्निरोधक कपडे नव्हते. शेजारून इतर गाड्या जात राहिल्या. हे दृश्य दूरचित्रवाणीवर लाखो लोकांनी पाहिले, आणि पणाला लावलेल्या प्राणांविषयी बोलणे त्यानंतर पूर्वीइतके सोपे राहिले नाही. पर्लीला ब्रिटनचे ‘जॉर्ज पदक’ देण्यात आले. स्ट्युअर्ट त्या वर्षी तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे आपली शंभरावी शर्यत धावून निवृत्त व्हावयाचे, असे त्याने ठरविले होते. तेथे सरावाच्या वेळी त्याचा तरुण सहकारी फ्रांस्वा सव्हेर हा मेला, आणि तो मेला तो पोलादी कठड्यावर आदळून. पुढच्या वर्षी त्याच मार्गावर हेल्मुट कोइनिग याची गाडी कठड्याच्या खालून घुसली. कठडा नीट बसविलेला नसेल, तर तो झाडापेक्षा फारसा बरा नसतो. विरोधकांना यामुळे आयतेच कोलीत मिळाले. स्ट्युअर्ट ती शंभरावी शर्यत धावला नाही.

यानंतरचा अध्याय निकी लाउडाचा. न्युर्बुर्गरिंगची फेरी सात मिनिटांच्या आत पूर्ण करणारा पहिला चालक हाच. १९७५ साली त्याने तो विक्रम केला आणि १९७६ साली त्यानेच तेथील शर्यतीवर बहिष्कार घालावा असे सुचविले. इतक्या लांब मार्गावर मदत वेळेवर पोहोचू शकत नाही, असे त्याचे साधे म्हणणे होते. बहुतेक चालकांनी विरोधात मत दिले. १ ऑगस्ट रोजी शर्यत झाली आणि दुसऱ्याच फेरीत लाउडाची फेरारी पेटली. मदत खरोखरच वेळेवर पोहोचली नाही. आर्तुरो मेर्झारिओ व इतर तीन चालकांनी त्याला ओढून काढले. सहा आठवड्यांनी, जखमा पुरत्या भरलेल्या नसताना, तो मोंझा येथे धावला आणि चौथा आला. तरीही त्या हंगामाच्या अखेरीस जपानमधील फुजी येथे अतिवृष्टीत दोन फेऱ्यांनंतर त्याने गाडी थांबविली आणि एका गुणाने जगज्जेतेपद गमावले, तेव्हा इटलीत त्याच्या धैर्याविषयी शंका घेणारे निघालेच. न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या मार्गावर ग्रां प्री शर्यत त्यानंतर कधी झाली नाही.

पुढील सुधारणा वेगाने आणि बऱ्याचशा निमूटपणे झाल्या. १९७८ साली सिड वॉटकिन्स हे मेंदूचे शल्यविशारद शर्यतींचे वैद्यक-प्रमुख झाले. त्याच वर्षी मोंझा येथे रॉनी पीटरसनच्या अपघातानंतर त्यांनाच पोलिसांनी घटनास्थळी जाऊ दिले नाही. पीटरसन दुसऱ्या दिवशी मरण पावला. तेव्हापासून पहिल्या फेरीत सर्व गाड्यांच्या मागोमाग डॉक्टरांची गाडी धावू लागली. १९८१ पासून कार्बन-तंतूंच्या सांगाड्याच्या गाड्या आल्या. १९९४ साली इमोला येथे लागोपाठच्या दोन दिवसांत रोलंड रात्झेनबर्गर व आयर्टन सेना मरण पावल्यावर मार्ग, गाड्या आणि नियम यांची झाडाझडती झाली. त्यानंतर वीस वर्षे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत कोणत्याही चालकावर प्राणघातक प्रसंग आला नाही. मात्र २००० साली मोंझा येथे आणि २००१ साली मेलबर्न येथे उडालेल्या चाकांनी एकेक मार्शल मेला. ही नावे शौकिनांच्या सहसा लक्षात नसतात.

स्ट्युअर्टचे मत आता बहुमत झाले होते, असे वाटावयास हरकत नव्हती. परंतु २०१७ साली चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची टायटॅनियमची कमान बसविण्याचे जाहीर झाले आणि जुना वाद जुन्याच शब्दांत पुन्हा सुरू झाला. या कमानीचे वजन सुमारे सात किलो असते आणि ती बारा टनांच्या आसपास भार पेलू शकते. २०१४ साली सुझुका येथे जूल्स बियांकी पावसात घसरून क्रेनवर आदळला होता व पुढील वर्षी मरण पावला होता. उघड्या डोक्याला होणाऱ्या इजांचे इतर प्रसंगही ताजे होते. तरीही बहुसंख्य शौकिनांना ती कमान विद्रूप वाटली. उघडी गाडी आणि दिसणारे हेल्मेट हाच या शर्यतीचा आत्मा, असे म्हटले गेले. मर्सिडीज संघाचे प्रमुख टोटो वोल्फ यांनी ती करवतीने कापून टाकावीशी वाटते, असे सांगितले. विरोध करणाऱ्यांत स्वतः निकी लाउडा होता! ज्याचा चेहरा न्युर्बुर्गरिंगच्या आगीची साक्ष आयुष्यभर देत राहिला, त्यालाही ही सुधारणा मर्यादेपलीकडची वाटली. एका पिढीला जो धोका असह्य वाटतो, तो घालविण्यासाठी ती लढते. उरलेला धोका मात्र तिच्या सवयीचा झालेला असतो आणि सवयीचा धोका हाच खेळाचा स्वभाव वाटू लागतो. स्ट्युअर्टने मात्र कमानीच्या बाजूने मत दिले. तो तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथे पहिल्याच फेरीत रोमां ग्रोझां या फ्रेंच चालकाची गाडी पोलादी कठडा भेदून आरपार घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि ती पेटली. कमानीने कठड्याची पोलादी पाती त्याच्या डोक्यापासून दूर सारली. अठ्ठावीस सेकंद आगीत राहून तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. पहिल्या फेरीत मागोमाग येणारी डॉक्टरांची गाडी तोवर तेथे पोहोचलेली होती. ग्रोझां हाही कमानीच्या विरोधकांपैकी एक. हातांना पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत रुग्णालयातून त्याने आपले मत बदलल्याचे सांगितले. २०२२ साली सिल्व्हरस्टोन येथे झोऊ ग्वान्यू या चिनी चालकाची गाडी उलटी घसरत गेली आणि कठड्यावरून उडून जाळीला अडकली, तेव्हा कमानीविरुद्ध बोलणारा माणूस शोधावा लागला.

मग जुन्या बहुमताचे काहीच खरे नव्हते काय? एक गोष्ट त्याच्या पदरात टाकावीच लागेल. वळणाबाहेर मोकळी जागा हवी म्हणून पुष्कळ ठिकाणी डांबरी मैदाने करण्यात आली. त्यामुळे चूक करणारा चालक रुंद वळसा घेऊन, काहीही न गमावता, पुन्हा मार्गावर येऊ लागला. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे २०११ ते २०१३ या काळात झालेल्या तीन शर्यती ज्यांनी पाहिल्या, त्यांनी अशीच मैदाने पाहिली. चुकीला शिक्षा असावी, या म्हणण्यात तथ्य आहे. फक्त ती शिक्षा मृत्यूचीच असावी, हे त्यातून निघत नाही. काही मार्गांवर आता डांबराऐवजी खडीचे पट्टे पुन्हा टाकले जात आहेत. खडीत रुतलेल्या चालकाची शर्यत संपते, चालक चालत परततो.

आज या शौकिनांमध्ये अप्रिय ठरणारे मत पावसाविषयीचे आहे. २९ ऑगस्ट २०२१ रोजी स्पा येथे, म्हणजे जेथून या हकीकतीस प्रारंभ झाला तेथेच, हजारो प्रेक्षक सकाळपासून भिजत बसले होते. मार्ग आता सात किलोमीटरांचा आहे. आदल्या दिवशी त्यावर लँडो नॉरिसची गाडी पावसात जोराने आदळली होती. त्याआधी काही क्षण सेबास्टियन व्हेटेल हा पात्रता-फेरी थांबवा असे रेडिओवरून ओरडून सांगत होता. शर्यतीच्या दिवशी गाड्यांच्या चाकांनी उडविलेल्या पाण्यात मागच्या चालकाला काहीच दिसत नव्हते. कित्येक तास वाट पाहून, सुरक्षा-गाडीच्या मागे जेमतेम तीन फेऱ्या काढण्यात आल्या, अर्धे गुण वाटण्यात आले आणि शर्यत झाली असे जाहीर करण्यात आले. एकाही गाडीने दुसरीला मागे टाकले नव्हते. लोक संतापले, आणि तो संताप वाजवी होता. त्यांचे पैसे व दिवस दोन्ही गेले होते. जी शर्यत झालीच नाही तिचे गुण वाटणे हास्यास्पद होते. परंतु गाड्या सोडल्या नाहीत हे योग्य केले, असे त्या संध्याकाळी म्हणणारे थोडे होते, आणि पूर्वीचे चालक असते तर धावले असते, हे वाक्य पुन्हा ऐकू आले. दोन वर्षांनी, १ जुलै २०२३ रोजी, याच मार्गावर तरुणांच्या एका दुय्यम शर्यतीत पावसात गाड्या सोडण्यात आल्या. उडालेल्या पाण्यात न दिसल्याने मागून आलेल्या गाडीने दिलानो व्हान ट होफ या डच चालकाच्या आडव्या झालेल्या गाडीला धडक दिली. तो मरण पावला तेव्हा अठरा वर्षांचा होता.